बोरू, मसी आणि मेणकापड

(जालना येथील एका महाविद्यालयात मोडी लिपी प्रशिक्षण वर्गाच्या शुभारंभप्रसंगी एका निवृत्त शिक्षकाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



संयोजकांनी मला विषय दिला आहे ‘लेखनाची माझी आवडती साधने’. विषय ऐकल्यावर प्रथम मला थोडे हसू आले. साधनांची आवड ही सुताराला असते, लोहाराला असते. लेखक, विचारवंत म्हणवणारी मंडळी आपल्या लेखणीविषयी बोलू लागली की बहुधा अलंकारिक बोलतात. लेखणी म्हणजे तलवार, लेखणी म्हणजे मशाल वगैरे. ती लेखणी कशाची होती, तिला टोक कसे काढले होते, शाईत डिंक किती होता, याचा उल्लेख कोठे नसतो. आज मी त्या दुसऱ्या प्रकारचे बोलणार आहे. अलंकाराची अपेक्षा कोणी ठेवली असेल, तर त्याची आधीच क्षमा मागतो.

आपल्या जिल्ह्याला या विषयावर बोलण्याचा एक वेगळा अधिकार आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब येथे शके १५३० च्या, म्हणजे इसवी सन १६०८ च्या रामनवमीला सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायण नावाचा मुलगा जन्माला आला. पुढे जग त्याला समर्थ रामदास म्हणून ओळखू लागले. समर्थांविषयी आपण पुष्कळ ऐकतो. बलोपासना ऐकतो, मारुतीची स्थापना ऐकतो, लग्नमंडपातून निघून गेलेला तो मुलगा आपल्याला कीर्तनात दर वर्षी भेटतो. पण समर्थांनी लेखनसाहित्यावर एक संपूर्ण समास लिहून ठेवला आहे, हे किती जणांच्या ध्यानात असते? दासबोधाचे वीस दशक, दोनशे समास, सात हजार सातशे एक्कावन्न ओव्या. त्यातील एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास ‘लेखनक्रियानिरूपण’ या नावाचा आहे. ज्या ग्रंथात ब्रह्मनिरूपण आहे, माया आहे, चतुर्दश ब्रह्मांची चर्चा आहे, त्याच ग्रंथात कागदाला खळ कशी द्यावी हेही आहे. मला स्वतःला हा समास दासबोधातील सर्वांत आवडता वाटतो. काही भाविकांना हे आवडणार नाही, पण जे आहे ते सांगतो.

या समासात काय आहे ते माझ्या शब्दांत सांगतो. ओव्या आपण घरी ग्रंथ उघडून वाचाव्यात.

समर्थ आरंभी अक्षराविषयी बोलतात. ते बाळबोध अक्षराविषयी, म्हणजे आजच्या देवनागरीविषयी बोलत आहेत. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे. शाई काळीभोर असावी. काने, मात्रा, वेलांट्या आपापल्या जागी नीट असाव्यात. एका ओळीची मात्रा वरच्या ओळीत घुसू नये, उकार खालच्या ओळीला टेकू नये. पान आधी शिशाने आखून घ्यावे, मगच त्यावर लिहावे, म्हणजे ओळींतील अंतर कमी-जास्त होत नाही. येथवर कोणताही चांगला शिक्षक सांगेल असेच आहे. पण मधे एक अपेक्षा येते, ती मात्र बोरूने लिहून पाहिल्याखेरीज कळत नाही. समर्थ म्हणतात, ग्रंथाचे पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच टाकाने काढल्यासारखे दिसले पाहिजे.

बोरू ही वाळलेली काडी आहे, शाईत बुडते तशी ती भिजते. पाच-सहा पाने लिहिली की टोक मऊ होते, पसरते, अक्षर जाड होऊ लागते. मग चाकू घेऊन टोक पुन्हा छाटायचे. छाटलेल्या टोकाची रुंदी पहिल्याइतकीच आली पाहिजे, तिरकेपणाही तोच राहिला पाहिजे. एका मोठ्या पोथीत हे शेकडो वेळा करावे लागते. म्हणजे समर्थ जी एकरूपता मागतात ती निम्मी लिहिण्यातली आणि निम्मी चाकूतली आहे. साधन सांभाळणे हा लेखनाचा अर्धा भाग आहे, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात वाल्मीकि रामायणाची एक प्रत जपलेली आहे, ती परंपरेने समर्थांच्या हातची मानली जाते. ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल.

मग समर्थ वयाविषयी बोलतात, आणि येथे हसू येते. तरुणपणी दृष्टी चांगली असते म्हणून फार बारीक अक्षर काढू नये, कारण तेच अक्षर म्हातारपणी आपल्याला वाचता येत नाही. मध्यम आकाराचे काढावे. मी वयाच्या पंचविसाव्या वर्षी मोडी कागदांवरून टिपणे काढली, ती मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात. कागद वाचवायचा होता. आज पंचाहत्तरीत ती वाचायला नातवाला बसवावे लागते. समास मी तेव्हाही वाचला होता, पण त्या ओवीवरून पुढे गेलो होतो.

त्यानंतरचे सांगणे मला सर्वांत खोल वाटते. पानाच्या चारही बाजूंना जागा सोडावी आणि मधेच लिहावे. का? तर कागद कडांनी झडत जातो. तो झडला तरी झडावा, पण अक्षराला धक्का लागू नये. समास सोडणे म्हणजे पानाची शोभा, असे आपण मानतो. समर्थ ते काळाशी केलेल्या सौद्यासारखे सांगतात. वाळवीला, हवेला, हाताळणाऱ्या बोटांना एवढी कड देऊन टाकली. मधले मात्र आमचे.

आता साहित्याची यादी. कागद घट्ट आणावेत, त्यांना खळ देऊन घोटावे. सुऱ्या, कात्र्या असाव्यात. नाना देशांचे बोरू आणावेत, ते कठीण, बारीक आणि सरळ पाहून घ्यावेत. टाक तोडण्याची, रेघा आखण्याची साधने अनेक प्रकारची असावीत. हिंगूळ संग्रही असावे. आळित्याच्या गुंडाळ्या पाहून घ्याव्यात. मसीचा साठा वाळवून ठेवावा. शेवटी ग्रंथ राखण्याचे साहित्य येते. बांधायला गोफ, गुंडाळायला बासने, शेंदरी रंगाची मेणकापडे, पेट्या आणि कुलुपे. जंगलात राहणाऱ्या, भिक्षेवर जगणाऱ्या संन्यस्त पुरुषाने ही यादी केली आहे. स्वतःसाठी झोळीपलीकडे काही न ठेवणारा हा माणूस ग्रंथासाठी मात्र कुलूप मागतो.

यातील एकेका वस्तूला कारण आहे. हाताने केलेला कागद मुळात टीपकागदासारखा शोषक असतो, त्यावर लिहिले तर शाई फुटते. म्हणून पिठाची खळ द्यायची आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडाने किंवा शिंपल्याने घोटायचे. मग शाई वर बसते, अक्षराची कड धारदार येते. असा कागद आपल्याला दूरचा नव्हता. दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव शतकानुशतके कागद करत आले आहे. आजही तेथे हातकागद होतो. ‘दौलताबादी कागद’ हा शब्द मराठी दप्तरांना परका नाही. शेजारच्या जिल्ह्यातला हा उद्योग. पण आपल्या शाळांच्या सहली लेण्यांवरून परस्पर परत येतात, कागजीपुऱ्यात थांबत नाहीत. संभाजीनगरकडे जाणाऱ्या शिक्षकांनी हे मनावर घ्यावे.

शाईचे तसेच. तिळाच्या तेलाच्या दिव्याची काजळी, बाभळीचा डिंक आणि पाणी, एवढेच तिचे मूळ. खलायची मात्र फार. काजळी म्हणजे शुद्ध कोळसा. तिला ऊन लागले, शंभर वर्षे गेली, तरी ती फिकट होत नाही, आणि ती कागदही खात नाही. युरोपात हिराकस आणि मायफळाची शाई शतकानुशतके वापरात होती. तिच्या आम्लाने कित्येक कागद अक्षराच्या आकारात कोरले गेले, अक्षर गळून पडले. आपल्या काजळीच्या शाईत तो दोष नाही. तिचा शत्रू एकच, पाणी. कारण तिला कागदाला चिकटवणारा डिंक पाण्यात विरघळतो. आता यादीतले मेणकापड आठवा. ज्याला शाईचा हा दोष माहीत आहे तोच ग्रंथाला मेणकापड गुंडाळायला सांगेल. परंपरा सांगते की दासबोध शिवथरघळीत सांगितला गेला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला. महाड तालुक्यातल्या त्या घळीत पावसाळ्यात कोण गेले आहे? घळीच्या तोंडाशी धबधबा कोसळत असतो, अंगावरचा कपडा बसल्या जागी ओलसर होतो. तेथे काजळीच्या शाईने लिहायचे आणि ते कोरडे राखायचे! मला तर वाटते, मेणकापडाची ओवी त्या घळीनेच सांगितली असावी. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही.

कल्याणांच्या हातची दासबोधाची प्रत धाराशिव जिल्ह्यातील डोमगावच्या मठात जपली गेली. धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनी पुढे आयुष्य रामदासी मठांतील बाडे शोधण्यात वेचले आणि कल्याणांच्या प्रतीवरून १९०५ साली दासबोध छापून प्रसिद्ध केला. आज आपण जो दासबोध वाचतो त्याचा पाया असा एका शिष्याच्या बोरूवर आणि त्या बोरूची प्रत अडीचशे वर्षे राखणाऱ्या बासनावर आहे.

पेट्या-कुलुपांचा विषय निघाला म्हणून सांगतो. ऑगस्ट २०२२ मध्ये जांबच्या मंदिरातून पंचधातूच्या प्राचीन मूर्ती चोरीस गेल्या, तेव्हा साऱ्या जिल्ह्याला हळहळ वाटली. पुढे पोलीस तपासात त्या सापडल्या. त्या दिवसांत मी हा समास पुन्हा काढून वाचला होता.

आता माझ्या साधनांकडे येतो. मी १९५७ साली पहिलीत गेलो. तेव्हा जालना जिल्हा नव्हता, तो १ मे १९८१ रोजी झाला. आम्ही औरंगाबाद जिल्ह्याचे होतो आणि तो जिल्हा आदल्याच वर्षी हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आलेला. आमच्या घरी वडिलांचे अक्षर उर्दू वळणाचे होते, कारण त्यांचे शिक्षण निजामी अमदानीतले. आजोबांचे अक्षर मोडी. आणि मी बालभारतीच्या आधीच्या पिढीतले बाळबोध गिरवणारा. एका ओसरीवर तीन लिप्या बसलेल्या असत. दगडी पाटी, तिच्यावर पेन्सिलीची कुरकुर, मग तिसरीत बोरू आणि कित्ता. दौत मातीची होती. शाई गोळीची, पाण्यात विरघळवली की निळी-जांभळी होई आणि बोटे आठवडाभर तशीच राहत.

शाईवरून आठवले. आमच्या वर्गातील शाई दांडेकरांची. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईच्या पुड्या आणि गोळ्या करायला प्रारंभ केला, पहिली छाप घोड्याची, नंतर उंटाची. उंट म्हणजे कॅमल आणि शाई म्हणजे इंक यांचा जोड करून कॅमलिन हे नाव झाले. विलायती शाईने भरलेल्या बाजारात मराठी माणसाने उभा केलेला तो उद्योग. २०११ मध्ये त्याचा मोठा वाटा जपानी कंपनीकडे गेला, तेव्हा माझ्यासारख्याला वाईट वाटले. अर्थात कंपासपेटीवरचा उंट मुलांना अजून ओळखीचा आहे.

फाउंटन पेन नववीत मिळाले. बॉलपेनला आमच्या मुख्याध्यापकांनी शाळेत बंदी केली होती, अक्षर बिघडते म्हणून. ते त्यांचे मत होते. माझा आक्षेप वेगळा आहे. बॉलपेनच्या शाईत रंगद्रव्य असते, ते उन्हाने, काळाने उडते. माझ्या १९७५ च्या वहीतील निळी पाने आता अंगाखाली धरून तिरक्या उजेडात वाचावी लागतात. त्याच वहीच्या शेवटी शिसपेन्सिलीने केलेला हिशेब मात्र काल केल्यासारखा आहे. पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्रॅफाइट, म्हणजे पुन्हा कोळसाच. काजळीचा सख्खा भाऊ.

माझे सर्वांत आवडते साधन कोणते, असे कोणी विचारले तर मी दोन आण्यांची पेन्सिल असे उत्तर देतो. का, ते आता सांगतो. हे सांगायचे की नाही याचा विचार गेले आठ दिवस करत होतो.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत सुटीच्या दिवशी हिंडत असे. जुन्या घरांतून मोडी कागद असत. माळ्यावर, कणगीत, देवघराच्या फळीवर. लोक विश्वासाने बासन सोडून दाखवत. इतिहासाचार्य राजवाडे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने बावीस खंड काढून गेले. त्यांनी जे महाराष्ट्रभर केले त्याचा सहस्रांश आपल्या दोन तालुक्यांत व्हावा, एवढीच माझी हौस. एका घरात मला सुमारे दोनशे कागद मिळाले. वतनाचे, जमिनीच्या वादाचे, आणि त्यात एक लांबलचक वंशावळ, कागदाला कागद चिकटवून केलेली गुंडाळी. घरमालक वृद्ध होते. म्हणाले, “गुरुजी, आमच्यात आता हे वाचणारं कोणी नाही. तुम्ही वाचा आणि बाळबोधात लिहून द्या.”

मी नुकताच संगणक घेतला होता. मोठ्या उत्साहाने त्या कागदांचे लिप्यंतर थेट संगणकावर करू लागलो. पहिले काही दिवस सवयीने पेन्सिलीने वहीत उतरवून घेत असे आणि मग टंकित करत असे. पुढे तो दुहेरी खटाटोप वाटू लागला, वही सोडली. वहीत चाळीस कागद उतरले होते, बाकी सर्व फ्लॉपीवर. काम संपल्यावर मूळ कागद मालकांना परत केले आणि म्हणालो, आता काळजी नको, सगळे संगणकात आले. हे वाक्य मी उच्चारले आहे. ते मला विसरता येत नाही.

त्या काळी मराठीसाठी जो तो आपापला टंक वापरी. पडद्यावर ‘क’ दिसे, पण संगणकाच्या पोटात त्या जागी कोणत्या तरी इंग्रजी अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक असे. कोणत्या आकाराला कोणता क्रमांक, हे टंक करणारा ठरवी आणि दुसऱ्याचे त्याच्याशी जुळत नसे. तो टंक संगणकावर असेतो मराठी दिसे. तो गेला की उरे ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली एक राष्ट्रीय मानक ठरले होते. त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले, म्हणजे जगभर प्रत्येक अक्षराला एकच क्रमांक. पण आमच्यापर्यंत ते पोहोचायला दहा-पंधरा वर्षे लागली. तोवर महाराष्ट्रात केवढे मराठी टंकित होऊन गेले होते! अंक, स्मरणिका, गौरवग्रंथ, प्रबंध. त्यातले जे छापले गेले ते वाचले. जे नुसते संगणकात राहिले त्याचे काय झाले, हे आपण आपल्या आसपास विचारून पाहावे.

२०१४ च्या सुमारास मी त्या फ्लॉपी काढल्या. वाचणारे यंत्र मुश्किलीने मिळाले. सात फ्लॉपींपैकी चार उघडल्याच नाहीत. तिघींतून जे आले त्यात मराठी नव्हते. तो टंक माझ्याकडे उरला नव्हता, आणि कोणता होता हेही मला नक्की आठवेना. विशेष म्हणजे त्याच २०१४ साली मोडी लिपीला युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत स्थान मिळाले. हेमाडपंतांशी जिचे नाव परंपरेने जोडले जाते ती लिपी संगणकात सन्मानाने दाखल होत होती, आणि मी माझ्या टेबलाशी चिन्हांच्या खिचडीपुढे बसलो होतो.

मूळ कागद तरी असतील म्हणून त्या गावी गेलो. वृद्ध गृहस्थ निवर्तले होते. घर जुने, धाब्याचे. एका पावसाळ्यात मागची बाजू बसली होती. माती उपसताना बासन निघाले ते वाळवीने भरलेले आणि भिजलेले. काजळीच्या शाईचा शत्रू एकच, असे मी मघाशी म्हणालो. त्यांनी ते नदीत सोडले, जसे आपण भंगलेले देव सोडतो. त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. त्यांना मीच सांगितले होते की सगळे संगणकात आले आहे.

गोष्ट येथे संपत नाही. सप्टेंबर २०२३ च्या आरंभी आपल्याच अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव साऱ्या देशाला माहीत झाले. त्यानंतर राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली. आरक्षणाच्या प्रश्नात मी शिरत नाही, ते या व्यासपीठाचे काम नव्हे. पण त्या शोधाने एक गोष्ट घडवली. काल-परवापर्यंत रद्दी समजले जाणारे कागद लोक पेटीतून काढू लागले, आणि मोडी वाचणारा, उर्दू वाचणारा माणूस तालुक्याच्या कचेरीत अचानक हवाहवासा झाला. माझ्या दारी रोज दोन-चार माणसे येत. कोणाजवळ प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कागद, कोणाजवळ मोबाइलमध्ये अस्पष्ट छायाचित्र.

एके दिवशी तीस-बत्तीस वर्षांचा एक तरुण आला. नाव सांगितल्यावर मी ओळखले. त्या वृद्ध गृहस्थांचा नातू. म्हणाला, “गुरुजी, आजोबा सांगायचे, आमची वंशावळ तुम्ही लिहून घेतलीय. नोंद सापडलीय दुसरीकडं, पण तो माणूस आमचाच हे जोडायला मधल्या दोन पिढ्यांची नावं पाहिजेत.”

मी आत गेलो, वही काढली. चाळीस कागदांची ती वही. वंशावळ चाळिसांत होती की नव्हती, मला आठवत नव्हते. पान उलटत गेलो. छत्तिसाव्या कागदापाशी वंशावळीचा आरंभ सापडला. मूळ पुरुष, त्याचे तीन पुत्र, मधल्याचा विस्तार. खाली मी पेन्सिलीने लिहिले होते: ‘धाकट्याचा विस्तार लांब आहे, थेट संगणकावर घेतला.’ हे घराणे धाकट्याचे.

तो काही बोलला नाही. पाणी प्यायला आणि “बरं गुरुजी” म्हणून निघून गेला. रागावला असता तर बरे वाटले असते. पुढे त्याने अन्य मार्गाने काय केले ते मी विचारलेले नाही. विचारण्याचा धीर झाला नाही.

मी संगणकाचा विरोधक नाही, हे कृपया ध्यानात घ्या. आज आपण युनिकोडमध्ये लिहितो, मोबाइलने कागदाचे उत्तम छायाचित्र घेतो. जे काम करायला मला महिने लागले ते तुम्ही एका दुपारी कराल, आणि ते करावेच. माझी चूक साधन निवडण्याची नव्हती. नवे साधन हाती आले म्हणून जुने खाली ठेवले, ही माझी चूक. समर्थांच्या यादीत एकाच कामाला चार-चार वस्तू का आहेत, एका देशाचा बोरू न सांगता नाना देशांचे का सांगितले, हे मला फ्लॉपी फुकट गेल्यावर समजले.

स्वातंत्र्यवीर सावरकरांचा उल्लेख येथे सहज येतो, कारण अंदमानात त्यांच्याजवळ यातले काहीच नव्हते. कागद नाही, दौत नाही, टाक नाही. भिंतीवर काट्याने-खिळ्याने ओळी कोरायच्या, पाठ करायच्या, आणि भिंत पांढरी केली की पुढच्या ओळी. शेवटी ते काव्य तुरुंगाबाहेर आले ते स्मरणातून. तोच माणूस बाहेर आल्यावर नागरी लिपिशुद्धीचा हिरिरीने पुरस्कार करतो; अ ला इकार-उकार लावून स्वर लिहावेत, म्हणजे छापखान्यातले खिळे कमी लागतील, अशा अगदी कारागिराच्या पातळीवरच्या सूचना करतो. ती सुधारणा सर्वत्र रुजली नाही, तो भाग निराळा. पण ज्याला लेखनसाधनाचा पूर्ण अभाव भोगावा लागला, त्यालाच छापखान्यातल्या खिळ्यांची एवढी काळजी वाटावी, यात मला विसंगती दिसत नाही.

अध्यक्ष महोदयांनी घड्याळाकडे पाहिले आहे. वर्गाविषयी दोन सूचना देतो आणि थांबतो.

वर्ग उद्या सकाळी आठला भरेल. पहिले तीन दिवस कोणीही वही आणू नये, पाटी आणावी. मोडीत आधी आडवी रेघ पूर्ण ओढायची आणि मग अक्षरे तिला लटकवत जायची, हात फारसा उचलायचा नाही. हे वळण पाटीवर लवकर बसते. ऱ्हस्व-दीर्घाची चिंता सोडा, मोडीत तो भेद नाही. माझ्या विद्यार्थ्यांना या लिपीतली सर्वांत आवडती गोष्ट हीच असते. चौथ्या दिवशी बोरू. शहागडजवळून, गोदावरीच्या काठचे चांगले पिकलेले बोरू मी आणून सावलीत वाळवले आहेत, प्रत्येकाला दोन मिळतील. टोक तिरके छाटून मधे चीर कशी द्यायची ते दाखवीन. चाकू धारदार हवा आणि कापताना आपल्याकडे ओढायचा नाही. बोट कापले तर मलम माझ्याजवळ आहे. शाई खलण्याचे काम दोघा-दोघांनी आळीपाळीने करायचे आहे, काजळी धरून ठेवली आहे.

आणि ज्यांच्या घरी जुने कागद असतील त्यांनी ते आणावेत. लॅमिनेशन करून आणू नयेत, चिकटपट्टी लावू नये, घडी जबरदस्तीने उलगडू नये. आहे त्या बासनात आणावेत. आधी छायाचित्र घेऊ. मग मी वाचीन, तुम्ही पेन्सिलीने उतरवून घ्याल. त्यानंतर युनिकोडमध्ये टंकित करू, दोन ठिकाणी साठवू आणि छापील प्रत त्या घरी देऊ. मूळ कागद त्याच दिवशी परत. ते कोरड्या पेटीत कसे ठेवायचे हे घरच्यांना समजावून सांगायचे काम माझे. मेणकापड हल्ली सहज मिळत नाही; जालन्यात कोणाला ठाऊक असेल तर मला भाषणानंतर भेटावे.